कौलांवरचा दात

पोरांनो, हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या, पुढे जमायचं नाही. नौपाड्यातले आमचे श्रीपाद डॉक्टर म्हणजे भुताखेतांना खिजगणतीतही न धरणारा माणूस. त्यांनीच मला हे सांगितलं. सन बावन्न, पौषातली अमावास्या. दवाखाना बंद करून डॉक्टर सायकलने कोलशेतला निघाले, ते दात शोधायला.

दात त्यांच्या धाकट्या बहिणीचा, उत्तराचा. पंचविशीतली पोर, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. आधी एक डोळा मंदावला, मग पाय बधिर झाले. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिस असं नाव सांगितलं आणि हात वर केले. श्रीपाद डॉक्टरांनी कुठेतरी वाचलं होतं, विलायतेत काहीजण म्हणे या दुखण्यामागे लहानपणीच्या गावच्या मातीवरच संशय घेतात. मातीतलं शिसं दातांत साठतं. भावंडांचं बालपण कोलशेतचं. उत्तराचे दुधाचे दात आईने शेणाच्या गोळ्यात घालून तिथल्याच कौलांवर फेकलेले. एखादा सापडला तर तपासायला देता येईल. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय.

कोलशेतचं ते जुनं घर रिकामंच होतं. शेजारच्या भिवाने शिडी धरली. डॉक्टर वर चढले आणि बॅटरीच्या उजेडात एकेक कौल उचलून पाहू लागले. पालापाचोळा, उंदरांच्या लेंड्या. दात काही दिसेना.

खालून भिवा हळूच म्हणाला, "डाक्टर, वर दुसरं कोन पलतंय?"

डॉक्टरांनाही ऐकू येत होतं. लहान पावलं. कौलांवरून. इकडून तिकडे. त्यांनी बॅटरी फिरवली... कोणी नाही. पावलं थांबली. मग अगदी कानाशी, सहा वर्षांच्या पोरीचा आवाज.

"दादा... बघ, मी पळते."

आवाज त्यांनी ओळखला. भीतीपेक्षा त्यांना रडूच आलं. पावलं दूर गेली... आणि मग काहीच नाही.

रिकाम्या हातांनी ते घरी परतले. त्यांची बायको सुमती उत्तराच्या उशाशी बसून होती. उत्तरा जागची हललीसुद्धा नाही, असं सुमतीने सांगितलं. तेवढ्यात उत्तराने डोळे उघडले.

"दादा, पाय गार पडलेत रे."

दोन वर्षांत तिला पायांचं काही कळलं नव्हतं. डॉक्टरांनी घाईघाईने पांघरूण सारलं, पोटरीला टाचणी टोचली. तिला कळलं नाही. पुन्हा टोचली... नाहीच.

मग त्यांनी कंदील खाली धरला. तिच्या दोन्ही तळव्यांना कौलांवरचं काळं शेवाळ लागलं होतं.