सहा पौंड सैल

“चिठ्ठीवर आकडा लिहा, रॅकेट डावीकडे ठेवा, दोन तासांनी या,” ती मान वर न करता म्हणाली.

“आणि तोवर मी स्वतःला कुठे ठेवू?”

आता मात्र मान वर करावीच लागली. मैदानाशेजारच्या त्या छोट्या खोलीच्या दारात तो उभा होता... काखेत तीन रॅकेट, कानशिलावर पिकलेले केस, उन्हानं रापलेला चेहरा. वय अडतीस. व्यावसायिक टेनिसमध्ये हे वय म्हणजे फारच झालं! खेळाडूंच्या खोलीतली पोरं त्याला तोंडावर ‘आजोबा’ म्हणायची. खांदा पार कामातून गेलाय, ही स्पर्धा संपली की तो खेळ सोडणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“बाहेर पोरं पाया पडायला येतात,” तो म्हणाला, “इथे बसू का घटकाभर?”

तिला हसू फुटलं. “त्या स्टुलावर बसा. पण बोलायचं नाही. माझं लक्ष जातं.”

रॅकेटचं गटिंग हे तिचं काम. तारा ओवायच्या, यंत्रावर ताणायच्या, गाठ मारायची. हे तिला बाबांनी शिकवलं होतं. खेळाडू सांगेल तो ताण द्यायचा, पौंडभरही इकडे नाही की तिकडे नाही, हा त्यांचा नियम. अकरा वर्षांत तिची एकही चूक झाली नव्हती. अर्थात अकरा वर्षांत त्या स्टुलावर असं कोणी बसलंही नव्हतं.

त्याच्या चिठ्ठीवर छप्पन्न पौंड लिहिले होते.

“एवढ्या घट्ट तारा? चेंडू मारायला सगळा जोर तुमच्याच खांद्यातून येणार हो.”

“अठराव्या वर्षापासून हाच आकडा आहे. प्रशिक्षक दोन वर्षं मागे लागलेत, कमी कर, कमी कर. आकडा उतरवला म्हणजे म्हातारा झालो, नाही का?”

“मग केस का नाही रंगवत?”

तो असा खळखळून हसला की कोपऱ्यात तारांची रिळं लावणाऱ्या बाबांनी चष्म्यावरून बघितलं. मग बोलायचं नाही हे दोघंही विसरले. तिची बोटं तारा ओवत राहिली, कान मात्र त्याच्याकडेच. तयार रॅकेट घेऊन जाताना तो दारात अडखळला. “इतकं कधी बोललो नाही मी...” आणि मान खाली घालून निघून गेला.

दुपारी तिनं पुढची रॅकेट यंत्रावर चढवली, आणि तिची नजर आकड्यावर गेली. यंत्राचा आकडा पन्नासवर होता! त्याच्या आधीच्या खेळाडूचा ताण. तो बदलायचाच राहून गेला होता. त्याच्या तिन्ही रॅकेट सहा पौंड सैल गेल्या होत्या.

“बाबा! अहो बाबा, हरले तर हाच त्यांचा शेवटचा सामना, तोही माझ्यामुळे...”

“सामना सुरू झाला, आता पळून काय उपयोग?” बाबा म्हणाले. पण ती केव्हाच पळाली होती.

कुंपणाच्या जाळीला धरून ती उभी राहिली. पहिला सेट तो हरला. चेंडू रेषेबाहेर असे उडत होते की तिला भूमी पोटात घेईल तर बरं असं झालं. मधल्या विश्रांतीत त्यानं तळव्यावर तारा आपटल्या, बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. पिशवीत हात घातला... आणि तसाच बाहेर काढला. मग तो हलक्या हातानं खेळायला लागला. दुसरा सेट घेतला. तिसराही, आणि सामनाही!

संध्याकाळी तो आला तेव्हा तिनं त्याला बोलूच दिलं नाही. “चूक माझी आहे. तुम्ही बोलत होतात आणि मी आकडा बदलायला विसरले. हवं तर तक्रार करा.”

“मला दुसऱ्याच चेंडूला कळलं होतं.”

“काय?”

“पिशवीत जुनी रॅकेट होती, छप्पन्नची. सेट गेल्यावर ती काढणार होतो. पण तेवढ्यात जाणवलं, खांदा दुखतच नाहीये. तीन वर्षांत पहिल्यांदा.” तो स्टुलावर बसला. “प्रशिक्षकांनी सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं, मी ऐकलं नाही. तुझ्या एका चुकीनं माझा खेळ मला परत दिला गं. तुझे उपकार कसे फेडू?”

त्या ‘गं’नं तिचे कान तापले होते.

“अकरा वर्षांत पहिली चूक,” बाबा रिळांशी बोलल्यासारखे म्हणाले, “तीही नेमकी ह्यांच्याच रॅकेटवर. कमाल आहे.”

“बाबा!”

त्यानं उद्यासाठीच्या रॅकेट डावीकडे ठेवल्या. चिठ्ठीवर आकड्याच्या जागी लिहिलं होतं: ‘तू ठरवशील तो.’ वीस वर्षं कोणाला हात लावू न दिलेला आकडा त्यानं तिच्या हवाली केला होता. तिचे डोळे भरून आले.

“खेळ सोडणार होतात ना?” तिनं हळूच विचारलं.

“अजून दोन वर्षं तरी नाही. तू गटिंग करणार असशील तर.”

“आणि दोन वर्षांनी? तेव्हा रॅकेट नसतील...”

“तेव्हा या स्टुलावर बसेन. मी बोलेन, तू चुका कर.”

बाबांना एकाएकी बाहेर काहीतरी काम आठवलं. तिनं यंत्राचा आकडा पन्नासवर लावला, पुन्हा तपासला, आणि मग त्याच्याकडे बघत म्हणाली, “बस ना. बोल.”