जाळलेलं दार

बसा रे पोट्टेहो, कंदील बारीक करा. आपल्या लखीरामनं डोयानं पाह्यलेलं सांगून राह्यलो. लखीराम म्हंजे टुरिंग टाकीजचा मशीनवाला. खोटं बोलाले लागते तेवढी अक्कलच नव्हती त्याले.

एकसष्ट साल. तान्ह्या पोळ्याची रात. उमरखेडच्या भगवानराव जिनिंगवाल्यानं त्याले घरी पिक्चर लावाले बोलावलं. या भगवानरावले परदेशी पिक्चर जमा करायचा भलता शौक. जो पिक्चर कोनाले समजत नाई, तोच याले पाह्यजे! समजे त्यालेबी काईच नाई. एक बोट जिनिंगच्या मशीनीत अर्धं गेलतं, तेच नाचवत सांगे, “असा माल जिल्ह्यात कोनाजोळ नाई.” थू त्याच्या मालावर!

हा पिक्चर घाटंजीच्या तंबूत चुकून आलता. एक गोरी बाई खोलीत बसून राह्यते, नवऱ्यासंग चकार शब्द बोलत नाई, अन् शेवटी दार उघडून निंघून जाते. बस! लोकायनं पडद्यावर शेंगाची टरफलं फेकली. भगवानरावनं मात्र इकत घेतला.

लखीरामनं रीळ पाह्यलं, त शेवट कापेल.

“मालक, दाराचा तुकडा कुठी हाय?”

“जाळला.”

“काहून?”

“आता असा पिक्चर जगात एकच. अन् बाई कायले जाईल? माही हाय थे.”

“तिले वाटच नाई ठेवली तुमी. नोका लावू, मालक.”

“मले अक्कल नोको शिकवू. फिरव मशीन.”

खोलीत दोघंच. बायको वच्छलाबाई आत निजेल.

पडद्यावरली गोरी बाई उठली. दाराकडं निंघाली... रीळ सरलं.

पडदा पांढरा. बाई तितंच उभी.

लखीरामनं मशीन बंद केली. बाहेर जाऊन विजेचं इंजिन बंद केलं. वापस आला. उजेड तसाच...

बाईनं मान फिरवली. भगवानरावकडं पाह्यलं.

टक... टक... टाचा वाजल्या, पडद्याच्या आतून.

“लखीराम... जोड ना रे तुकडा...”

“कुठून जोडू, मालक? तुमीच जाळला.”

अंधार.

...

लखीरामनं काडी ओढली. खुर्ची रिकामी. खिडकीले गज. दारात तर थो सोताच उभा होता.

मंग काय! त्या मोठ्या मालाचे डबे वच्छलाबाईनं तिखट-मीठ ठेवाले घेतले. पडदा म्हंजे तिचीच चादर. सोड्यात उकळली, दगडावर आपटली. तिच्यावर पंजा उमटेल हाय, आतून कोनी टेकवला तसा. निंघतच नाई.

एक बोट अर्धंच हाय त्याले.