खिडकीखालची खुर्ची

दिवा राहू दे, बारीक कर फक्त. ही माझ्या मित्राची हकिगत. थिएटरात ऑपरेटर आहे तो. खोटं वाटलं तर जाऊन बघा, थिएटर अजून उभं आहे.

मागच्या मार्चमधली मंगळवारची रात्र. एका फिल्म क्लबनं रिळांचा जुना सिनेमा आणला होता. दुसऱ्या दिवशी खेळ, म्हणून आधी एकदा चालवून बघायचा, एवढंच काम. हॉल रिकामा. वर केबिनमध्ये हा एकटा.

गंमत अशी, की उभ्या जन्मात यानं सिनेमा धड पाहिला नव्हता. ऑपरेटरची नजर पडद्याच्या कोपऱ्यावर. तिथं ठिपका चमकला, म्हणजे रीळ संपत आलं, की दुसरं मशीन सुरू करायचं. सिनेमा बघायची त्याची बायको, शेवटच्या रांगेत, केबिनच्या खिडकीखाली बसून. मग जेवताना तिखटमीठ लावून गोष्ट सांगायची. रीळ बदललं की हा काचेवर दोनदा टकटक करायचा, ती हात वर करायची. ती जाऊन वर्ष झालं होतं. घर खायला उठायचं.

आता गोष्ट सांगणार कोण? म्हणून त्या रात्री त्यानं कोपरा सोडला आणि सिनेमाच पाहिला.

पडदाभर आभाळ. कुजकट जांभळं. खाली कडेला एक माणूस, नखाएवढा. गेलेल्या बायकोसाठी आभाळाकडे बघून कंदील हलवतोय. वर एकेक तारा विझतोय... कशामागे तरी झाकला जातोय. कशामागे, ते दाखवतच नाहीत.

त्यानं काचेवर टकटक केली. "आहेस का गं?"

त्यानं कान काचेला लावला.

मग बाहेरून... टक. टक.

खिडकी दोन पुरुष उंचीवर आहे, पोरांनो.

ठिपका केव्हाच येऊन गेला होता. रीळ संपलं. पडदा पांढराफटक. हॉलभर उजेड.

"मग काका? त्या आल्या होत्या?"

ऐक. तिथल्या खुर्च्या स्प्रिंगच्या. माणूस उठला की आपोआप मिटतात. त्या उजेडात सगळ्या उघड्या होत्या. पहिल्या रांगेपासून शेवटपर्यंत. माणूस एक नाही...

मिटलेली एकच. खिडकीखालची.

"सगळे आले रे," मला म्हणाला. "तीच तेवढी नाही."

खुर्च्या अजून उघड्याच आहेत. स्प्रिंगा बदलून पाहिल्या. कुठलीही खुर्ची वर ढकलली की सावकाश खाली येते... कोणी टेकल्यासारखी.

तिची मात्र दोन्ही हातांनी दाबली तरी उघडत नाही. रोज दाबून बघतो तो.