चिंधी अडली की थांबायचं

“डोळ्यांना नुसता रंग दिसतो, मुंगे. तुटलेली तार चिंधीला कळते. चिंधी अडली की थांबायचं.”

बाबांचा हा आवाज तीन वर्षांपूर्वीचा. ते बंदरात क्रेनसाठी ओझी बांधायचे. एके दिवशी तारदोर, म्हणजे पोलादी तारा पिळून केलेला दोर, तुटला आणि बाबा घरी आलेच नाहीत. आला तो एक कागद : बांधणाऱ्याची चूक. तेव्हापासून आई बंदराच्या बाजूची खिडकी उघडत नसे. मुंगीच्या खिशात मात्र बाबांची सुती चिंधी असायची.

आज ताईची परीक्षा होती. बंदरातली कामं शिकवणाऱ्या केंद्रात ती शेवटच्या वर्षाला होती. दोन टनांचा काँक्रीटचा ठोकळा बांधायचा, शेजारी उभं राहून क्रेनला खुणा करायच्या. जमलं तर सोमवारपासून नोकरी. सुट्टीच्या वर्गाला आलेली मुंगी आणि तिचा मित्र मागच्या गोदामात झाडत होते. मित्राला सगळे वकील म्हणायचे, कारण शंका काढल्याशिवाय त्याला अन्न पचत नसे.

“या दोरावर हिरवा पट्टा कशाला?” त्याने विचारलं.

“दर सहा महिन्यांनी दोर तपासतात आणि नवा रंग लावतात. हिरवा म्हणजे तपासलेला.”

“तपासला कुठं? तपासायच्या टेबलावर मांजर व्यालीय. पिल्लांचे डोळेसुद्धा उघडलेत. दहा दिवस तरी तिकडं कुणी फिरकलेलं नाही.” वकिलाने बोट पुढे केलं. ते हिरवंगार झालं होतं. “आणि रंग अजून ओला.”

मुंगीने चिंधी काढून दोरावरून फिरवली. दोर बिचारा मुका. ओझं वाहतो, दुखणं सांगत नाही. चिंधी सरकली, सरकली आणि अडली. तुटलेल्या तारेच्या टोकात सूत अडकलं होतं.

याच खुंटीवरचा दुसरा दोर मघाशी ताईने नेला होता.

दाराशी गोदामवाले काका रंगाच्या डब्याचं झाकण लावत होते. पूर्वी ते बंदरातले दोर सांभाळायचे.

“काका, दोर तपासले का हो?”

“पट्टा दिसत नाही? जा, खेळा.” चिंधीकडे त्यांनी बघितलंच नाही.

बाहेर क्रेनचा भोंगा वाजला. दोघं पळत सुटली. ठोकळा जमिनीवरून उचलला गेला होता. ताई त्याच्या अगदी जवळ होती, नजर वर क्रेनच्या आकड्याकडे. इंजिनाच्या आवाजात हाक कुठली पोचणार?

पण बाबांनी आणखी एक गोष्ट शिकवली होती : थांबायची खूण कुणीही करावी, अगदी झाडणाऱ्यानेही, आणि क्रेनवाल्याने ती मानलीच पाहिजे. मुंगी पिंपावर चढली. दोन्ही हात आडवे पसरून तिने जोरजोरात हलवले.

ठोकळा अधांतरी थांबला.

“ही कोण कार्टी? उतर खाली!” पाहुण्यांसोबत उभे असलेले, परीक्षा घेणारे सर ओरडले.

बाबांसोबत काम केलेल्या क्रेनवाल्या मावशींनी तिकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी ताईला लांब जायची खूण केली आणि ठोकळा सावकाश खाली सोडला. जमीन वीतभर राहिली असताना दोर कडाडून तुटला. पायाखालची माती हादरली. मघाशी ताई उभी होती तिथे तुटून उसळलेल्या तारेने लांब चर पाडला होता.

मुंगीने चिंधी दाखवली आणि वकिलाने ओल्या रंगाचं, टेबलावरच्या मांजरीचं सगळं सांगून टाकलं. मावशी खाली उतरल्या. “खूण स्वच्छ केलीस गं. बापाची लेक शोभतेस.”

“माझी परीक्षा?” ताईने विचारलं.

सरांनी टोपी काढून हातात घेतली आणि ते मुंगीकडे वळले. “आधी सगळे दोर तपासू. चिंधी तूच फिरव. पोरांनो, तुम्ही आमचे डोळे उघडलेत.”

“मांजरीला हलवू नका, सर,” वकील म्हणाला. “ती माझी साक्षीदार आहे.”

कुणी हसलं नाही. गर्दीमागून काका पुढे आले. हाताला हिरवा रंग तसाच. ते मुंगीसमोर जमिनीवरच बसले.

“बाळा, तुझ्या बाबांनी त्या दिवशी मला विचारलं होतं, दोर तपासलाय ना?” त्यांनी हिरवा हात पुढे केला. “मी हो म्हणालो. नुसता रंग लावला होता मी.”