आठवा हुक

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कोलशेतच्या प्रयोगशाळेतून हेमांगीला फोन आला: मायक्रोस्कोप आंधळा झालाय, लगेच या. वीस वर्षं ही यंत्रं दुरुस्त करून तिला एक कळलेलं, यंत्र बिघडलं की लोक आधी माणूस शोधतात.

तो सापडलेलाही होता. संचालिका सुहासिनीबाईंनी नव्या पोराला, शौनकला, कामावरून काढायचं पत्र टाइप करून ठेवलेलं.

पडद्यावर गोल दिसणारे अणू तिकोनी फिसकटले होते. हे यंत्र प्रकाशाने नाही, इलेक्ट्रॉनच्या किरणाने बघतं, आणि त्याच्या भिंगांत दोष जन्मजातच. ते काढायला यंत्राच्या उंच खांबात करेक्टर बसवलेला. त्याच्या जुळणीचे आकडे इथल्या आधीच्या तंत्रज्ञाने, दिपेशने, महिनाभर खपून बसवलेले. दिपेश श्रावणात शीळफाट्याला अपघातात गेला. त्याच्या जागी आलेल्या पोराने आकड्यांची वाट लावली, असं बाईंचं म्हणणं.

"आकड्यांना हात लावलास?" हेमांगीने विचारलं.

"लावला, पण बिघडल्यावर," शौनक म्हणाला. "दिपेशदादाने सेव्ह केलेलेच परत टाकले. तरी तसंच."

"नीट कधी दिसलेलं?"

"खंडेनवमीला. पूजेच्या आधी."

भिंतीवर हत्यारांचे आठ हुक होते. सात हत्यारं पितळेची. आठवा हुक रिकामा, खाली दिपेशच्या अक्षरात चिठ्ठी: 'हा घरी नेला. इथे आणू नये.'

दारात आवडाबाई लादी पुसत होत्या. दिपेशची आई. सकाळपासून तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, "दिसला का काय?"

हेमांगीने सुहासिनीबाईंना बोलावून घेतलं.

"आकडे बरोबर आणि चित्र चूक, म्हणजे बिघाड बाहेरचा. तोही पूजेनंतरचा. जवळ चुंबक आलं की किरण वाटेवरून सरकतो. मग दोष काढणारा करेक्टरच नवे दोष घालतो."

खांबामागे झेंडूची माळ सुकत होती. तिच्याआडून हेमांगीने कुंकू लावलेला एक स्क्रूड्रायव्हर काढला. चुंबकी टोकाचा.

फडकं थांबलं.

"माजे पोराचा हाय," आवडाबाई म्हणाल्या. "घरी एकटाच पुजला असता. मना वाटला, त्याचे मशीनजवल असावा."

दिपेशने तो घरी का आणला होता, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. हेमांगीने सांगितलं, जमेल तितक्या हळू आवाजात. सुहासिनीबाईंनी ते पत्र चार घड्या करून पर्समध्ये टाकलं. शौनककडे बघणं मात्र त्यांना जमलं नाही.

हत्यार खांबापासून दूर, पडद्याच्या टेबलावर ठेवलं. थोड्या वेळाने पडद्यावर अणू गोल झाले. आकडे दिपेशचेच, जेमतेम दोन हलवावे लागले. शौनकने आवडाबाईंना आपली खुर्ची दिली. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"यो त्यानं लावलेला?"

"त्यानेच."

त्यांनी हत्यार उचलून कुंकू पदराने पुसलं, हत्यार कमरेला खोचलं, आणि खुर्ची सोडून पार दारापर्यंत मागे गेल्या.

"एवरे लांबून चालल ना?"