ताठ शेपटीचा घोडा

“साहेब, घोडा बदलला! चोर घरातलाच आहे, लवकर या.”

घोडेस्वारी शिकवणाऱ्या बाईंचा फोन होता. इन्स्पेक्टरने सुस्कारा सोडून टोपी उचलली. बायको गेल्यापासून त्याला घर काय नि ठाणं काय, सारखंच.

तबेल्यात एक घोडा मान टाकून उभा होता. बाईंनी मोबाइल पुढे केला. काल विकत घेतला तेव्हाचा फोटो: शेपटी ताठ, पाय जमिनीवर ठरत नव्हते.

“आणि आता हे मढं! रात्रभर किल्ली भाऊजींकडे होती.”

घोड्यांची देखभाल करणारा त्यांचा धाकटा दीर भिंतीला टेकला होता. “वहिनी, दादा गेल्यावर हा तबेला कुणी सांभाळला?”

“म्हणूनच मुळावर आलात. आजच सामान उचला.”

इन्स्पेक्टरने फोटो मोठा केला. मागच्या डाव्या पायावर कोयत्यासारखा वाकडा व्रण. मग तो समोरच्या घोड्यापाशी जाऊन वाकला.

“काल आणल्यावर काही वेगळं दिसलं?”

“लिदेत सोललेल्या आल्याचा तुकडा होता,” दीर म्हणाला. “म्हटलं, कुठेतरी तोंड घातलं असेल. त्यानंतरच मलूल झाला.”

विकणाऱ्या दलालाला बोलावलं. हवालदाराने त्याची पिशवी पालथी केली. लगाम, खरारा, कागदात गुंडाळलेले सोललेल्या आल्याचे जाड तुकडे.

“घशासाठी,” दलाल म्हणाला.

चहा आला. दलालाने वास घेऊन कप सारला. “आलं घातलंय? सोसत नाही मला. पोटात आग पडते.”

“घशाला चालतं, पोटाला नाही?”

दलाल लगाम, खरारा भराभर पिशवीत कोंबू लागला.

“बाई, घोडा तोच आहे. हा व्रण बघा,” इन्स्पेक्टर थकल्या आवाजात म्हणाला. “इंग्रजीत एक जुनं क्रियापद आहे, ‘फीग’. आता कुणी वापरत नाही. थकल्या घोड्याच्या मागच्या बाजूने आत सोललेलं आलं सारायचं. आग झाली की जनावर थयथयतं, शेपटी उचलतं. गिऱ्हाईक म्हणतं, काय तेज आहे! पुढे माणसाला चेव आणण्यालाही तोच शब्द वापरू लागले. काल लिदेबरोबर आलं पडलं, तेजही पडलं. शब्द मेला, धंदा चालूच आहे.”

“सगळेच करतात, साहेब!” दलाल उसळला.

“मग ठाण्यात बसून सगळ्यांची नावं सांगा.”

बाईंनी किल्ली दिरापुढे धरली. “भाऊजी, त्या मुक्या जिवाला पाणी दाखवा. आणि सामान राहू द्या.”

“उचललंच कुठे होतं, वहिनी?”

बाहेर हवालदाराने विचारलं, “साहेब, हा शब्द कुठे सापडला तुम्हाला?”

“बायको झोपताना शब्दकोश वाचून दाखवायची. मी निम्म्यात घोरायचो. या शब्दाला मात्र दोघं पोट धरून हसलो होतो.”

तो जीपमध्ये बसला. ठाणं आलं तरी उतरायचं त्याच्या लक्षात आलं नाही.