नाव न घेतलेली हाक

सरकारी नोकराला फिरायची हौस असो वा नसो, सरकारी खर्चानं प्रवासाची सवलत, ती एलटीसी, वाया जाऊ द्यायची नाही एवढं त्याला उपजतच कळतं. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या ऑफिसात मान मोडून काम करणाऱ्या मधुसूदननं म्हणूनच शहात्तरच्या एप्रिलात दार्जिलिंग ठरवलं. त्याची म्हातारी आई, पार्वतीबाई, सक्करदऱ्याच्या घरी राहिली. बायको शोभाताई बरोबर निघाली ती आधीच दमलेली. माणूस वाईट नव्हता हो. पण भाजीत मीठ कमी पडलं तरी त्रागा, अन् गाडी उशिरा आली तरी चूक बायकोचीच. वर्षानुवर्षं हे सोसून तिच्या अंगात एक थकवा मुरला होता. तो झोपेनंही जात नसे.

दार्जिलिंगला पोचल्यावर मधुसूदननं पाहण्यासारख्या जागांचा फडशा पाडायला घेतला. पहाटे टेकडीवर जाऊन सूर्योदय उरकला. ढगांत सूर्य दिसलाच नाही, पण पाहिला असं धरून चालले. बौद्धांचा मठ, गोंपा झाला, प्राणीबाग झाली, बाजार झाला. शोभाताईच्या पायांना सूज आली.

"आज राहू द्या ना," ती म्हणाली.

"एवढ्या लांब आलो ते खोलीत झोपाले का? चहाचा मळा राहून गेला, त्याच्याखालचा धबधबा राहून गेला. चल, ऊठ."

दुपार कलताना जीप मळ्यापाशी थांबली. कमरेएवढी कातरलेली झुडपं डोंगराच्या उतारावरून खाली खाली जात होती. कपाळावरून पट्टा घेऊन पाठीवर टोपल्या अडकवलेल्या बायका पानं खुडत होत्या. बघता बघता खालून धुकं आलं आणि त्या एकेक करून दिसेनाशा झाल्या. नुसता पानं तुटल्याचा आवाज येत राहिला. मग तोही थांबला. हवेत ओल्या पाल्याचा उग्र वास होता.

"जल्दी देखके आइए," जीपवाला म्हणाला. "कोहरे में उधर कोई रुकता नहीं."

धबधबा जवळच होता. दिसत मात्र नव्हता, फक्त ऐकू येत होता. तो नीट दिसावा म्हणून मधुसूदन शेवाळलेल्या दगडावर चढला आणि त्याचा पाय घसरला. फार लागलं नाही. पण शोभाताई पोचली तेव्हा तो पाण्याच्या काठाशी बसून होता, डोळे उघडे, आणि त्या डोळ्यांत कोणीच नव्हतं. हाताला धरलं तसा उठला. चल म्हटल्यावर चालला. जीपवाल्यानं त्याला आत बसवलं.

तेव्हा शोभाताईला सासूचं सांगणं आठवलं. परमुलखात माणूस भेदरला, तर त्याला नुसतं उचलून आणायचं नाही. जिथं भेदरला तिकडं तोंड करून हाक मारायची, घरी चल म्हणायचं. नाहीतर अंग घरी येतं आणि जीव तिथंच राहतो.

ती चार पावलं मागं गेली. धुक्याकडं तोंड करून म्हणाली, "अहो... घरी चला."

"हो," खालून कोणीतरी म्हणालं.

प्रतिध्वनी असेल, असं तिनं मनाला समजावलं. आपण 'घरी चला' म्हटल्यावर डोंगर 'हो' कसा म्हणेल, हा विचार तिनं मुद्दाम केला नाही. विचार करण्याइतकं त्राण कुणाला होतं!

परतीच्या गाडीत मधुसूदन बोलायला लागला. पहिला शब्द काय, तर "थकली का वं?" त्यानं तिला खिडकीशी जागा दिली आणि स्वतः रात्रभर पेटीवर बसून राहिला. शोभाताई पदर तोंडाशी धरून रडली. इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

घरी आल्यावरही तसंच. नागपुरात मे महिना पेटलेला. तो पहाटेच उठून दाराखिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायचा, जेवताना तिला म्हणायचा, तू पण बस. शेजारची यमुताई म्हणाली, "काय जादू केली वं?" शोभाताई लाजली. सुख म्हणतात ते हेच असावं, असं तिला वाटू लागलं.

पार्वतीबाई मात्र मुलाच्या हातचं पाणी घेईना. एका दुपारी तिनं सुनेला जवळ बसवलं.

"तिकडं काही झालं का?"

शोभाताईनं सगळं सांगितलं. घसरणं, हाक, सगळं.

"हाक कशी मारली?"

"अहो, घरी चला, म्हटलं."

म्हातारीनं कपाळावर हात मारला. "नाव नाई घेतलं?"

"आई, नवऱ्याचं नाव कसं घेणार?"

"अवं, 'अहो' तं कोणाच्याही नवऱ्याले म्हणतात! तिथं कोण कोण पडून असंल... जो जवळ होता तो आला. अंग माह्या पोराचं आहे, पण आत तो नाई. मायले समजत नाई का?" तिचा आवाज फाटला. "आता दिवेलागणीले दारात उभी राहा अन् नाव घेऊन बोलाव त्याले. तूच बोलावलं पाहिजे. माहा पोरगा आणून दे मले."

संध्याकाळी शोभाताई दारात उभी राहिली. लग्नात उखाण्यात घेतलेलं नाव, त्यानंतर कधी जिभेवर आलं नव्हतं. "मधुसूदन," ती कशीबशी म्हणाली. "घरी चला."

कोणी ओ दिली नाही. ती वळली, तर तो मागं उभा होता, हातात पाण्याची बादली.

"तो निघाला," तो हळूच म्हणाला. "पायी येऊन राहिला... त्याले वेळ लागंल." मग खाली बघत, "तो आला का मले जावं लागंल. तिथं लय थंडी आहे वं..."

तिला त्याची भीती वाटायला हवी होती. वाटली ती दया.

पाऊस लांबलेला, जून तापलेला. एका दिवेलागणीला फाटकाशी खोकला ऐकू आला. कोरडा, चिडका, रागवायच्या आधीचा. तो खोकला तिनं हजारांत ओळखला असता. ओल्या पाल्याचा वास दारापर्यंत आला. दार फक्त लोटलेलं होतं.

"कोण आलं वं?" आतून पार्वतीबाईनं विचारलं, आणि म्हातारी उठू लागल्याची चाहूल आली.

उंबरठ्याबाहेर कोणीतरी धापा टाकत होतं. शोभाताईला ठाऊक होतं, दार उघडलं की पहिला शब्द काय असेल. उशीर काहून केला, हाच. आणि उद्या पहाटेपासून पुन्हा ते सगळं. तिचा हात कडीवर होता. हात फार जड झाला होता. तिनं कडी लावून घेतली.

"कोणी नाही, आई. कुत्रं होतं."

यालाही आता महिने झाले. खोकला रोज येतो, दिवेलागणीला. पण रोज थोडा क्षीण होत चाललाय, आतल्या खोलीत म्हातारीपर्यंत पोचतही नाही. तो थांबला की पलंगावरचा माणूस मान वर करतो, कान देतो आणि तसाच खोकून बघतो. सुरुवातीला त्याचा खोकला वेगळा वाटायचा. काल मात्र तो ऐकून पार्वतीबाई आतून आनंदानं ओरडली, "आला गा माहा मधू!"